गच्चीवर वाळत घातलेला राखमाणूस

आमच्या नागपुरातल्या इंदोऱ्याच्या गल्लीत मे महिन्यात बातमी फिरली की धम्मानंदकाकांना ऊन लागलं आणि ते थेट डोक्यात चढलं. पुरावा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. दुपारी बारा वाजता, कुत्रीसुद्धा नालीत उतरून बसतात त्या वेळेला, हा एकसष्ट वर्षांचा माणूस डोक्याला ओला दुपट्टा बांधून गच्चीवर जायचा आणि बायकोने, म्हणजे कुसुमताईंनी, घातलेल्या गव्हाच्या कुरोड्यांच्या रांगेला लागून व्हिडिओ कॅसेट वाळत घालायचा. बातमी तोंडातोंडी पिकत गेली. किराणा दुकानात मी स्वतः ऐकलं, "तळून खाते म्हणते ना थो. कॅसेट तळते, वरून मीठ टाकते." त्यावर दुसरा माणूस, जसा काही दवाखान्यातून आत्ताच रिपोर्ट घेऊन आला, "नाही बावा, खात नाही. निस्ता हुंगते."

हुंगत होते, हे खरं. बाकी सगळं खोटं. त्यांची गच्ची आणि आमची गच्ची यांच्यामध्ये गुडघाभर भिंत आहे, आणि माझी दहावीची परीक्षा संपलेली होती, त्यामुळे दुरुस्ती मीच करते. काकांना ऊन लागलेलं नव्हतं. त्यांच्याकडे एक कॅसेट होती, एकच, आणि तिला बुरशी लागली होती. ती सुकून एकदा तरी चालावी म्हणून ते उन्हात उभे राहायचे. बुरशी सुकली की तिचा वास जातो, म्हणून हुंगायचे. कामठीत एक माणूस आंधळा होत चालला होता, आणि तो पूर्ण आंधळा व्हायच्या आत काकांना त्याला त्या कॅसेटमधली शेवटची तीन मिनिटं दाखवायची होती.

त्या माणसाचं नाव गोविंदा. तो एकेकाळी राखमाणूस होता.

हे थोडं मागून सांगावं लागेल. काका लग्नाचे व्हिडिओ काढायचे. कामठी, कोराडी, पार नरखेडपर्यंत त्यांना बोलावणं असे, आणि त्यांच्या धंद्याचा एकच नियम होता. "तर," काका सांगतात. काकांचं प्रत्येक वाक्य 'तर'ने सुरू होतं आणि मग थांबतं, जसं आत कुठे रीळ भरून राहिलं. "तर... लग्नात कॅमेरा बंद कराचा नाही. बंद केला की मामा नाचते. आन मामा नाचला आन तो कॅमेऱ्यात नाही आला, तर पूर्ण लग्न वाया."

या नियमाने त्यांचं घर चाललं आणि याच नियमाने त्यांचा घात केला.

१९९७ साली काकांनी लग्नाच्याच कॅमेऱ्यावर सिनेमा काढला. विटांच्या भट्टीवरचा एक मजूर भट्टीत जळतो आणि राखेतून उठतो. त्याला आग लागत नाही, काठी लागत नाही. गरिबांच्या झोपड्यांवर कोणी चालून आलं की तो मधे येऊन उभा राहतो. त्याची ताकद एवढीच की तो हलत नाही. उडणं वगैरे नाही. "उडवाले तार लागते," काका म्हणतात, "आन तारेले धराले चार माणसं लागते. कोण येते?" सिनेमाचं नाव 'राखमाणूस'. राखमाणूस झाला गोविंदा. कामठीच्या पॉवरलूमवर कामाला होता, खांदे दाराच्या चौकटीएवढे. लूमवरचंच करडं कापड त्याच्या पाठीला बांधलं, अंगाला राख फासली, पायात गमबूट. चंपतराव नावाच्या केबलवाल्याने तो सिनेमा आपल्या केबलवर दाखवला आणि आमच्या गल्लीतली तेव्हाची पोट्टी चुलीतली राख तोंडाला फासून शाळेत गेली. माझे बाबा त्यांच्यातलेच. त्यांनी त्या दिवशी मार खाल्ला, तो अजून सांगतात.

मग लोकांनी दुसरा भाग मागितला. 'राखमाणूस दोन', १९९९. कोराडी रोडवरून आत वळणारा एक कच्चा रस्ता, मागे झोपड्या, समोरून भरधाव ट्रक. राखमाणूस रस्त्याच्या मधोमध उभा. ट्रक येतो, येतो, येतो, आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबतो. धूळ बसते. तो तिथेच असतो. तीन मिनिटं एकच शॉट, एक शब्द नाही, गाणं नाही, ट्रकचा आवाजसुद्धा नाही. हा काकांचा शेवट.

"लोकं झोपतीन," चंपतराव म्हणाले. सगळ्या कॅसेट त्यांच्याच ताब्यात होत्या, कारण जोडायचं मशीन त्यांच्या ऑफिसात होतं. त्यांनी त्या चाळल्या आणि त्यांना एक भलताच तुकडा सापडला. शूटिंगच्या सुट्टीत कामठीची बस निघून चालली होती. गोविंदाला लूमच्या पाळीवर जायचं होतं. तो होता तसाच, राख फासलेला, कापड फडफडवत, एका हाताने पँट धरून बसच्या मागे पळाला होता. काकांचा कॅमेरा चालू होता. कोणता मामा कधी नाचेल, काय सांगता येतं. चंपतरावांनी ट्रकचा शॉट मधेच कापला, त्याला हा तुकडा जोडला आणि खाली विनोदी बाजा टाकला. ट्रक आला, राखमाणूस पळाला, सिनेमा संपला.

रविवारी तो केबलवर लागला. सोमवारी गोविंदा पाळीवर गेला तेव्हा अख्खी शेड त्याच्यासाठी दरवाज्यातून बाजूला सरकली. "सरका बे, पळाले जागा द्या."

त्याने दोन महिन्यांत लूम सोडली आणि कामठी-इंदोरा शेअर ऑटो चालवायला घेतला. तिथे मागच्या सीटवरून सुरू. "राखमाणूस, पळव ना बे." पुढे चंपतराव वारले, केबल गेली, सिनेमा कोणाच्या आठवणीत राहिला नाही. ती बोली मात्र राहिली. कामठी रोडवर कोणी कच खाल्ली की अजून म्हणतात, "राखमाणूस झाला बे थो." म्हणणाऱ्याला माहीतही नसतं की राखमाणूस समोरचा ऑटो चालवून राहिला आहे. त्याची मुलगी पायल शाळेत असताना तिलासुद्धा कोणी म्हटलं होतं. ती घरी येऊन विचारती झाली, बाबा, राखमाणूस कोण होता. त्याने सांगितलं, मले काय माहीत.

काका तेव्हाच समजवायला गेले होते. गोविंदाने दारातूनच चप्पल फेकली, ती कानाला लागून गेली. त्यानंतर सव्वीस वर्षं दोघं बोलले नाहीत.

यंदाच्या मार्चमध्ये काका एका लग्नात जेवायला बसले असता शेजारच्या पानावरून कळलं की गोविंदाने ऑटो विकला. शुगरने डावा डोळा गेला, उजव्यात दोन वेळा लेझर झालं, आणि डॉक्टर म्हणतात भरवसा नाही. काका पानावरून उठले. त्यांच्या घरी एक कॅसेट होती. चंपतरावांना सगळं देण्याआधी त्यांनी घरी कॅमेऱ्यावरून व्हीसीआरवर उतरवून आपल्या हाताने जोडलेला शेवट, चौदा मिनिटांचा. खरी प्रत. जगात तेवढी एकच.

ती कुठे होती हे ऐका. आमच्याकडे जे जे जपायचं ते कूलरच्या खोलीत ठेवतात. औषधं, लोणी, म्हातारी माणसं, लग्नाचे शालू. नागपूरच्या उन्हात प्लॅस्टिक वितळतं, कॅसेट तर कितीशी. म्हणून काकांनी ती कूलरच्या अगदी समोरच्या फळीवर उभी ठेवली होती, खसाचा गार वारा सरळ लागेल अशी. सव्वीस उन्हाळे तिने तो ओला वारा खाल्ला. काकांनी डबी उघडली तेव्हा आतल्या रिळावर पांढरी लव आली होती, शिळ्या भाकरीवर येते तशी.

कुसुमताई दारात उभ्या होत्या. त्या बोलतात तेव्हा प्रत्येक वाक्य पोळपाटावर आपटल्यासारखं पडतं. "पंधरा वर्षं झाले सांगून राहिली मी, ते फळीवरचं हलवा. नाही. थंड राहते म्हणे. राहिलं का थंड?"

काकांनी ती लव बोटाने हलकेच पुसून पाहिली. मग म्हणाले, "तर... बुरशी म्हंजे मेलं असं नाही. आजारी हाये."

"आजारी तुम्ही हाये."

मग जे सुरू झालं ते गल्लीने पाहिलं. काकांनी कॅसेटचे पाच स्क्रू काढले, रीळ बाहेर घेतलं, नाकाला रुमाल बांधून कान साफ करायच्या काडीने आणि स्पिरिटने कडा पुसल्या. लग्नाच्या धंद्यातल्या कोण्या जुन्या माणसाने फोनवर सांगितलं होतं की असं रीळ मंद आचेवर बरेच तास शेकलं तर एक वेळ चालतं. मंद आच म्हणजे किती, तर पन्नासच्या आसपास. काकांकडे भट्टी नव्हती. गच्ची होती. रीळ बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात, डब्यावर पांढरं धोतर. "उन्हात नाही ठेवाचं," ते मला सांगत, "उन्हाच्या सावलीत ठेवाचं." ताप मोजायचा थर्मामीटर पहिल्याच दिवशी टोकाला जाऊन बसला, खाली यायला तयार नाही. मग काकांनी कुरोड्यांवरून माप धरलं. सकाळची कुरोडी दुपारी दोनला कट्टकन मोडली तर आच बरोबर. वाकली तर कमी. कुसुमताईंच्या अर्ध्या कुरोड्या त्या महिन्यात माप म्हणून मोडल्या गेल्या.

मी विचारलं, "काका, काहून इतकं? कॉम्प्युटरवर घेऊन टाका ना एकदा, आमचा लॅपटॉप आहे."

"एकदाच चालन ते. मसाला सुटून राहिला." त्यांनी बोट दाखवलं. बोटावर तपकिरी पूड होती. "एकदा फिरलं की गेलं. कॉम्प्युटरवरचं तो खरं मानाचा नाही. तेव्हा त्याचा डोळा समोर पायजे."

म्हणून मेच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही कामठीला गेलो, काका आणि मी. मला नेलं, कारण पोरगी सोबत असली की कोणी चप्पल फेकत नाही, असं त्यांचं मत.

गोविंदाकाका खाटेवर बसले होते. खांदे अजून तेवढेच, मधला माणूस आत गेल्यासारखा. पंचवीस वर्षं ऑटोच्या आवाजावर ओरडून सवाऱ्या बोलावल्यामुळे त्यांचा शेवटचा शब्द तीन वेळा येतो. कामठी, कामठी, कामठी. घरातही तसंच.

"कोण हाये?"

"बाबा, धम्मानंदकाका आलेत," पायल म्हणाली.

"सांग त्याले, मी घरी नाही, नाही, नाही."

"ते समोर उभे आहेत बाबा."

"मंग त्याले उभ्याउभ्याच सांग."

काकांनी घसा साफ केला. "तर... गोविंदा. खरी प्रत हाये माह्याजवळ. तू उभा हायेस त्याच्यात. पूर्ण तीन मिनिटं."

"सव्वीस वर्षं काय अंडे उबवत होता तिच्यावर?"

"सांगाले आलो होतो. तू चप्पल मारली."

"लागली होती का?"

"कानाले."

"मंग ठीक हाये."

काकांनी आशेने एक पाऊल पुढे टाकलं. गोविंदाकाकांनी हात वर केला. "कॉम्प्युटरमंधून काहीतरी काढून आणशीन. आजकाल मोबाइलमंधी मेलेल्या माणसालेही बोलवते. मी नाही मानत."

"कॅसेटच लावतो. तुह्यासमोर. तू डबी उघडून पाय, मंग मी लावतो. उजव्या डोळ्यानं दिसते ना अजून?"

"टीव्हीले नाक लावलं तर दिसते."

"मंग चाल."

गोविंदाकाकांनी पाय खाटेखाली सोडले. मला वाटलं, आता उठतात. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. "मले नाही पाहाचं. जा, जा, जा."

आठ दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा दार आतून बंद होतं. काका बाहेर उन्हात तासभर उभे राहिले. मी शेजारच्या घराच्या सावलीतून पाहत होते. त्यांचा दुपट्टा वाळून कडक झाला तरी हलले नाहीत. परतीच्या ऑटोत पुढे एका मोटारसायकलवाल्याने ट्रकला घाबरून करकचून ब्रेक लावला. आमचा ऑटोवाला हसला, "पाय ना, राखमाणूस झाला थो." काकांनी ऑटोमोटिव्ह चौकातच ऑटो थांबवला आणि उतरले. तिथून इंदोऱ्यापर्यंत चालत आले. पारा सेहेचाळीसवर होता. मी दोन वेळा म्हटलं, दुसरा ऑटो घेऊ. ते म्हणाले, "तर..." आणि पुढचं वाक्य आलंच नाही. घरी कुसुमताईंनी त्यांच्या डोक्यावर पाणी ओतलं.

काकांची झोप गेली. सकाळी मी दूध घ्यायला निघाले की ते अंगणात व्हीसीआर उघडून बसलेले, त्याचा पट्टा ताणून पाहत. मशीन जुनं, ते सीताबर्डीवरच्या एका भंगारवाल्याकडून आणलेलं. कॅसेट कडक वाळली होती, पण मृग लागला की हवेत ओल येते आणि शेकलेलं सगळं पुन्हा मऊ पडतं. मृगाला मोजून काही दिवस उरले होते. इकडे रिळाचे, तिकडे डोळ्याचे.

चार जूनला पायलचा फोन आला. गोविंदाकाकांच्या उजव्या डोळ्यात रक्त उतरलं. उजेड-अंधार कळतो, बाकी काही नाही.

मी गच्चीवर गेले. काका डबा मांडीवर घेऊन बसले होते, दुपट्टा बांधलेला नव्हता. "आता कोणासाठी वाळवू वं पोरी," ते म्हणाले. गल्लीतल्या कोणाचाही आवाज मी हुबेहूब काढते, पण त्या वेळी एकाचाही आठवला नाही. खालून कुसुमताई ओरडल्या, जेवायला या. ते गेले नाहीत. मग त्या वर आल्या, डब्यावरचं धोतर नीट केलं, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले आणि त्यांच्या शेजारी बसल्या. "संध्याकाळी उतरवू," म्हणाल्या. "आज ऊन चांगलं हाये."

दोन दिवसांनी पायलचा पुन्हा फोन. "बाबा म्हणतात, आता येतो."

काकांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मला फोन लावायला लावून पुन्हा विचारलं. "हाव, येतो म्हणतात. मलाही समजून नाही राहिलं."

त्या संध्याकाळी काकांनी रीळ शेवटचं तपासलं. चौदा मिनिटांतली पहिली अकरा बऱ्यापैकी होती. शेवटच्या भागात, जिथे तो उभा राहतो तिथे, रिळाची एक पूर्ण कड पांढऱ्या बुरशीने खाल्लेली. कॅसेट फळीवर उभी होती ना. कूलरकडची कड ओल पीत गेली. "इथं अर्धं चित्र जाईन," काका म्हणाले. "वरचं. डोकं, छाती, सगळं. निस्ती मुंग्यांची रांग दिसन तिथं."

मी म्हटलं, "मग काय झालं? त्यांना कुठे दिसणार आहे. आपण सांगू, पूर्ण दिसतं."

"नाही."

"काका, अर्धंच दिसतं म्हटलं ना, तर ते उठून जातील. पैज लावा. तर्री पोहे."

"तर... लावली. जे दिसन ते सांगजो. एक इंच जास्त नाही. तो नाही उठत." मग स्वतःशीच, "उठला तर उठला."

रविवारी दुपारी पायल त्यांना घेऊन आली. गोविंदाकाकांनी आधी दारात चप्पल काढली, मग चौकट चाचपली. कुसुमताईंनी पाणी दिलं. काकांनी कॅसेट त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी अंगठ्याने पाचही स्क्रू मोजले, नाकाला लावली. "कुरोड्यांचा वास येऊन राहिला."

"गच्चीवर होती."

"हाव. ऐकलं मी. कामठीपर्यंत बातमी हाये, तुले ऊन लागलं म्हणून."

काकांनी विचारलंच. "डोळा होता तेव्हा काहून नाही आला गा?"

गोविंदाकाकांनी पाण्याचा गिलास दोन्ही हातांत धरला. "डोळा होता म्हणूनच नाही आलो. सव्वीस वर्षं लोकं सांगून राहिले, मी पळालो. आता मले स्वतःलेच आठवत नाही, मी ट्रकसमोर उभा होतो का नव्हतो. आन तुह्या कॅसेटमंधी मी पळताना दिसलो असतो तर? मंग कोणाले शिव्या देल्या असत्या मी?" त्यांनी गिलास खाली ठेवला. "आता पाहाचंच काम नाही. लाव."

काकांनी कॅसेट सारली. चालेल ते उतरवून घ्यायला मी लॅपटॉप जोडून ठेवला होता. टीव्हीचा पडदा हलला, रेघा आल्या, आणि रेघांच्या मागून कच्चा रस्ता आला. काका चित्रासोबत सांगू लागले, झोपड्या आल्या, आता बाया पळतात, आता तू वळला. व्हीसीआर कुरकुर करत होता, तपकिरी पूड त्याच्या तोंडाशी जमत होती. अकराव्या मिनिटाला चित्राचा वरचा अर्धा भाग गेला. नुसती पांढरी सळसळ. आवाज आधीच बंद, कारण या शॉटला आवाज नव्हताच.

"तू उभा हायेस," काका म्हणाले. "गोविंदा, तू उभा हायेस रे."

"तू चूप बस. तू तं तेच म्हणशीन. तुह्याच कॅमेऱ्यानं मले पळवलं." गोविंदाकाकांनी मान माझ्या दिशेला वळवली. "पोरी, तू सांग."

मला पैज माहीत होती. मला हेही माहीत होतं की हा शॉट तीन मिनिटांचा आहे आणि पुन्हा कधीच दिसणार नाही. मी माझ्या चांगल्या आवाजात सुरू केलं. "काका, तुम्ही रस्त्याच्या मधोमध उभे आहात, छाती काढून, डोळे असे सरळ ट्रकवर—"

गोविंदाकाका उठले. खाटेची कड चाचपत पाय जमिनीवर फिरवायला लागले, चप्पल शोधत. "चाल पायल. छाती काढून मी कधीच उभा नाही राहिलो. लूमवर वाकून वाकून पाठ अशी होती माही. खोटं सांगून राहिली पोट्टी."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बुडणारा माणूस काठावरच्या माणसाकडे पाहतो तसं. "खरं सांग वं बाई. शॉट चाललाय."

"पाय दिसतात," मी म्हणाले. आवाज कोणाचाच नव्हता, माझाही नसेल. "फक्त पाय. वरचं चित्र गेलं आहे काका, बुरशीनं खाल्लं. गुडघ्याच्या खालचं दिसतं तेवढंच."

गोविंदाकाका थांबले. "काय हाये पायात?"

"गमबूट. डाव्या बुटावर ठिगळ आहे. ट्यूबचं."

"कुठं?"

"अंगठ्यापाशी. आणि डावा पाय जरा आत वळला आहे."

ते उभेच होते, पण चप्पल शोधणं थांबलं होतं. "बूट हलून राहिले का?"

"नाही."

"आता?"

"नाही. धूळ येऊन राहिली बुटांवर. खडे उडतात."

"ट्रक कुठं हाये?"

"दिसत नाही अजून. सावली आली. सावली बुटांवर आली."

"बूट?"

"तिथंच आहेत."

पायल तोंडावर ओढणी धरून बसली होती. व्हीसीआर किंचाळायला लागला. काका त्याच्यावर दोन्ही हात ठेवून बसले, तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतात तसे.

"चाक आलं," मी म्हणाले. "पुढचं चाक. थांबलं. हातभरही नाही, वीतभर असेल."

"बूट, बूट, बूट?"

"तिथंच. हलले नाहीत. एकदाही नाही."

मग चित्र वर सरकलं, तुटलं, आणि पडदा निळा झाला. आत काहीतरी कट्टकन झालं. काकांनी कॅसेट काढली तेव्हा रिळावरचा मसाला निघून नुसती पारदर्शक पट्टी राहिली होती. लॅपटॉपवर उतरलं होतं, पायांसकट, पण ते तेव्हा कोणी विचारलं नाही.

गोविंदाकाका खाली बसले. त्यांनी आपला डावा पाय वर घेतला आणि अंगठा हाताने दाबत राहिले. म्हणाले, "पूर्ण दिसते म्हटलं असतं ना तू, तर मी कामठीले गेलो असतो. खोटं बोलणारा माणूस निस्ते पाय नाही सांगत." मग काकांकडे, म्हणजे काका असतील असं वाटलं त्या दिशेला. "बस पकडाच्या टायमाले कॅमेरा कोणं चालू ठेवला होता?"

"मीच," काका म्हणाले.

"हाव."

एवढंच. माफी कोणी मागितली नाही, कोणी दिली नाही. गोविंदाकाका त्या दिवशी कामठीला परत गेले नाहीत. कुसुमताईंनी त्यांचं अंथरुण पुढच्या खोलीत टाकलं.

सोमवारी सकाळी मी पैज फेडायला काकांना टपरीवर घेऊन गेले तर ते एकटे नव्हते. मी मधे, एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला गोविंदाकाका, बाकावर. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. गोविंदाकाकांनी प्लेट नाकाशी धरून टपरीवाल्याला सांगितलं, तर्री अजून टाक, टाक, टाक. काकांनी आपल्याही प्लेटमध्ये टाकायला सांगितलं. मी तीन प्लेटचे पैसे दिले.